पाव किलो लिंबाचं फूल

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय मी. लिंबू आणि लिंब यांतला फरक मला कोणी समजावायला येऊ नये. पण आमच्या खराडीच्या सोसायटीत कादरभाईंचं नाव निघालं की लोक आधी माझ्याकडे बघून हसतात. म्हणून एकदा काय ते नीट सांगते.

कादरभाई म्हणजे आमच्या बिल्डिंगखालचे अत्तरवाले. मूळचे गंज पेठेतले, तिथे वडिलांपासूनचं दुकान. मुलगा अरबाज इकडे आयटी कंपनीत लागला, त्यानं फ्लॅट घेतला आणि बापाला रोज ट्रॅफिकमधून जायला नको म्हणून खालीच एक गाळा घेऊन दिला. गाळा केवढा, तर दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेरूनच वास घ्यायचा. त्यांच्या एकाही कुपीवर चिठ्ठी नाही. बूच काढायचं, नाकाशी धरायचं आणि सांगायचं. शिवाय मागाल ते देतील असंही नाही. मी पहिल्यांदा गेले आणि गुलाब मागितला, तर म्हणाले, "बाई, गुलाब नको. आपण रागावता फार. वाळा घ्या, थंड असतो."

मी रागावले. वाळा घेतला. चांगला होता मेला, तेव्हापासून तोच लावते.

तर त्या गाळ्याला लागूनच सोसायटीचं खालचं शौचालय आहे, वॉचमन आणि ड्रायव्हर लोकांचं. त्याची खिडकी कादरभाईंच्या दारात उघडते. आमच्याकडे पाणी येतं टँकरचं, नाहीतर बोअरचं. त्यात क्षार इतके की माझ्या चहाच्या पातेल्याला आतून पांढरं अस्तर आलंय. मग त्या शौचालयातल्या भांड्याचं काय झालं असेल! आत पिवळं-तपकिरी कडं, आणि फरश्यांच्या सांध्यांत काळी बुरशी. आमचे चेअरमन रावसाहेब एक दिवस आत डोकावले आणि त्यांनी ॲसिड ओतवलं.

काय तो वास! पहिल्या मजल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी, घशात आग. कादरभाईंनी दोन दिवस शटरच उघडलं नाही. आणि पुढच्या आठवड्यात मी वाळा मागितला, तर त्यांनी मला केवडा दिला. केवडा! मी घाईत एका लग्नाला तो लावून गेले आणि दिवसभर डोकं धरून बसले. परत आल्यावर भर दुकानात त्यांना म्हटलं, "वय झालं तुमचं, कादरभाई. आता पुरे करा." दुसरी कुपी माझ्याच हातात देऊन म्हणाले, "बघा बरं, हाच ना?" मला वाटलं, खोचक बोलतायत.

मग रावसाहेबांनी बोर्डावर सूचना लावली. 'यापूढे दर रवीवारी शौच्चालय ॲसीडने साफ करन्यात येइल.' एका ओळीत सहा चुका. मी लाल पेन घेऊन त्या सुधारत होते, तेवढ्यात कादरभाई आले. रावसाहेब तिथेच उभे. कादरभाईंनी हात जोडले. या माणसाला हात जोडताना मी कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, ॲसिड नको. माझं पोट नाकावर आहे. दर रविवारी हे व्हायला लागलं तर मला दुकान बंद करावं लागेल."

"मग डाग कशानं जाणार?" रावसाहेब म्हणाले. "अत्तरानं?"

"मी घालवून दाखवतो. ॲसिडशिवाय."

"रविवारी अकरा वाजेपर्यंत. नाही गेले तर माझं ॲसिड."

तो दिवस बुधवार. कादरभाईंचा गुडघा धड नाही, म्हणून सामान आणायचं मी अंगावर घेतलं. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: लिंबाचं फूल पाव किलो, पांढरा व्हिनेगर दोन बाटल्या, खायचा सोडा, वजरी एक.

आता तुम्हीच सांगा. 'लिंबू'चं सामान्यरूप 'लिंबा', आणि 'लिंब' म्हणजे कडुलिंब, त्याचंही 'लिंबा'. लिंबाचा रस म्हटलं की लिंबू, लिंबाचा पाला म्हटलं की कडुलिंब. मग लिंबाचं फूल? लिंबाच्या सरबतात फूल घालतं का कोणी? पाडवा तोंडावर आलेला, सोसायटीच्या आवारातला कडुलिंब नखशिखांत फुललेला, आणि कडू म्हणजे जंतू मारणारच. मला शंभर टक्के पटलं. हा माणूस जुन्या वळणाचा आहे, त्याला जुनं औषध ठाऊक असणार, असंही वाटलं.

झाडाखाली जुनं लुगडं अंथरलं, स्टुलावर चढले आणि छत्रीच्या मुठीनं फांद्या ओढायला लागले. वॉचमन साईनाथ स्टूल धरून उभा. तासाभरानं खाली उतरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. सव्वीस ग्रॅम! पाव किलो म्हणजे काय असतं हे मला त्या दोन दिवसांत कळलं. येणारे-जाणारे विचारत, "बाई, पाडव्याचा प्रसाद का?" मी म्हणे, "हो, पहिला तुम्हालाच."

शुक्रवारी संध्याकाळी पाव किलो भरलं. कादरभाई नमाजाला गेलेले. म्हटलं, त्यांचा गुडघा कशाला दुखवा, आपणच सुरुवात करू. अर्धी फुलं भांड्यात टाकली, वरून कढत पाणी. फुलं तरंगली. फ्लश केला, गोल फिरली आणि परत वर आली. तेव्हा मी सोडा टाकला आणि त्यावर अख्खी बाटली व्हिनेगर.

अगं बाई! फसफसून जो फेस आला तो थांबेचना. फुलं घेऊन काठावर आला, फरशीवर उतरला, माझ्या चपलांपर्यंत पोचला. डाग तसाच. आणि दारात रावसाहेब.

"बाई," ते म्हणाले, "ही पूजा कुठल्या देवाची?"

मागून कादरभाई आले आणि नुसते बघत राहिले. मी उरलेल्या फुलांची पिशवी पुढे केली. "तुमचं लिंबाचं फूल. निम्मं वापरलं."

त्यांनी पिशवीत बघितलं. मग पिशवी तोंडाशी नेली आणि नाक आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग पिशवी घेऊन दुकानात गेले आणि शटर अर्धं खाली ओढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाचं दुकान पणाला लागलेलं, आणि मी त्याचे दोन दिवस कडुलिंबावर घालवले.

थोड्या वेळानं ते बाहेर आले. डोळे लाल. म्हणाले, "बाई, लिंबाचं फूल म्हणजे लिंबूसत्व. ढोकळ्यात घालतात ना, ती पांढरी खडी."

माझ्या फडताळात त्याचा मोठा डबा भरून आहे. माझ्याच अक्षरात वर 'सायट्रिक ॲसिड' लिहिलंय. मी वर जाऊन डबा घेऊन आले.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो. कादरभाईंनी मगानं भांड्यातलं पाणी उपसलं, कढत पाण्यात लिंबूसत्व विरघळवून आत ओतलं. काठाखाली पाणी टिकत नाही, तिथे जुन्या धोतराच्या चिंध्या त्याच पाण्यात भिजवून चिकटवल्या. "आता चार तास हात लावायचा नाही," म्हणाले. तोवर सांध्यांतल्या बुरशीवर व्हिनेगर शिंपडून ठेवलं. ते धुऊन काढल्यावर मग सोड्याचा लगदा आणि टूथब्रश.

"काल मी दोन्ही एकदमच घातलं होतं," मी म्हटलं.

"एकत्र आणलं की आपसांतच भांडतात, मग डागाकडे बघायला कोण उरतं?"

चार तासांनी चिंध्या काढल्या तर निम्मा डाग त्यांच्याबरोबरच आला. उरलेल्यावर मी वजरी फिरवली, चांगली ओली करून, हलक्या हातानं. जन्मभर वजरीनं टाचा घासल्या, पण असं समाधान कधी मिळालं नव्हतं. कादरभाईंनी खिडकीत अडकवलेला पुठ्ठा काढून टाकला. वारा खेळला नाही तर बुरशी महिन्याभरात परत येणार, म्हणाले.

रविवारी अकराला रावसाहेब आले. वाकले, टॉर्च मारला, काठाखाली बघितलं. भांडं दुधासारखं पांढरं. दोष काढायला काही सापडेना. शेवटी म्हणाले, "पुसून तरी घ्यायचं." कौतुक करायची ही आमच्याकडची पद्धत आहे. दुपारी बोर्डावर नवी सूचना: 'ॲसीड बंद. सर्वांनी लिंबाचे फुल वापरने.'

सोमवारी सकाळी बी विंगच्या चार बायका छत्र्या घेऊन कडुलिंबाखाली उभ्या होत्या. मी धावत खाली गेले आणि लाल पेनानं 'लिंबूसत्व' लिहून आले.

तशीच कादरभाईंकडे वळले. शुक्रवारपासून मनात सलत होतं. म्हटलं, "तुमचं काम मी जवळजवळ बुडवलं. रागावलात ना?"

"रागावू?" कादरभाईंनी गल्ल्यामागून ती पिशवी काढली. फुलं सुकून गेली होती. "बाई, ॲसिड टाकलं त्या दिवसापासून मला कशाचाच वास येत नव्हता. तीन आठवडे. कोणाला सांगितलं नाही, अरबाजलासुद्धा. कुप्या जागेवरून ओळखून विकत होतो. कोणी हलवली की संपलं. त्या दिवशी यात नाक घातलं, अन् गोड वास आला. मधासारखा, बारीकसा. मला वाटलं, भास होतोय. म्हणून शटर ओढून परत परत घेत बसलो."

मला केवडा आठवला. आणि मी काय बोलले होते, तेही आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाक्य जुळवता येईना.

"मी फार वाईट बोलले तुम्हाला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

ते हसले.

"वाळा द्या," मी म्हटलं.

त्यांनी फळीवरून एक कुपी उचलली. बूच काढलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"हा केवडा," म्हणाले, आणि ती परत ठेवली. शेजारची काढली, वास घेतला आणि माझ्यापुढे धरली. "हा वाळा. घ्या. लागेल तुम्हाला, सूचना परत चुकीचीच लागलीय."