तळेगावचा झोपलेला राजकुमार

राजकुमार वज्रनीलला एकेचाळिसाव्या भागात दगड करून ठेवून साक्षी बाळंतपणाला गेली.

परत आली तेव्हा तिच्याजवळ एक मुलगी होती, आठ टाके होते, आणि वज्रनील तसाच पडलेला होता. मोबाइलवरच्या कथांच्या ॲपवर तिचे चारशे बारा वाचक होते. ते आधी विचारत राहिले, मॅडम पुढचा भाग कधी, मग रागावले, मग गप्प झाले. त्यांतल्या एकालाही तिने कधी पाहिलं नव्हतं. कासारवाडीतल्या त्या दोन खोल्यांत कोणी ‘चंद्रवेल’ या नावाने शापित राजकुमारांच्या प्रेमकथा लिहितं, हे फक्त तिचा नवरा बुद्धरत्न जाणून होता. आणि तो गेली तीन वर्षं “या रविवारी वाचतोच” म्हणत होता. चाकणच्या कंपनीत त्याला कायमची थर्ड शिफ्ट होती. रविवारी तो झोपायचा.

वज्रनीलचा शाप असा होता: सूर्य उगवला की तो दगड व्हायचा, मावळला की माणूस. एकेचाळिसाव्या भागात सूर्य मावळला तरी तो उठला नाही. त्याची बायको, वनकन्या अरुणिमा, त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. त्याला कसं उठवायचं हे साक्षीला सातव्या महिन्यात पक्कं माहीत होतं. निळ्या चांदण्यात अरुणिमाचा एक अश्रू त्याच्या पापणीवर पडायचा, बस. पण आता मुलगी दर दीड तासाने जागी होत होती, आणि झोपलेल्या माणसाला उठवणं ही साक्षीला जगातली सर्वांत नीच गोष्ट वाटू लागली होती. ती लिहायला घ्यायची, अश्रू पापणीपर्यंत आणायची, आणि मनात यायचं, झोपलाय बिचारा, झोपू दे.

तीन आठवडे असे गेले. आपल्याला आता कधीच लिहिता येणार नाही आणि हे सांगायलाही कोणी नाही, हे भिंतीकडे तोंड करून पडल्यावर तिला फार स्वच्छ दिसायचं. भिंतीला ओल आली होती. तीही स्वच्छ दिसायची.

रोज सकाळी नऊला मालीशवाली कस्तुराबाई यायची. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायची, न्हाऊ घालायची, शेक द्यायची. तिची अशी आणखी चार घरं होती. बाई मूळची मावळातली, आणि माणूस तिंबायची तो भाकरीचं पीठ समजून.

“गप्प बाळंतिणीचं अंग मोकळं व्हत न्हाई बघ,” एका सकाळी साक्षीच्या पाठीवर सगळा भार टाकत ती म्हणाली. “काय तरी बोल. सासूच्या चुगल्या सांग. मी कुनाला सांगत न्हाई.”

सासूबाई, म्हणजे सुमनताई, पलीकडच्या खोलीत, बिल वाढतं म्हणून दिवा मालवून, डिंकाचे लाडू वळत होत्या. म्हणून साक्षी भलतंच बोलली. “एक मुलगा आहे मोठ्या घरचा. दिवसभर दगडासारखा पडून असतो.”

“कुठला गं?”

वज्रनीलच्या महालाचा नकाशा साक्षीने तळेगावच्या एका मंगल कार्यालयावरून घेतला होता. तिचं स्वतःचं लग्न तिथे झालं होतं. तेलाचा वास, शेकाची ऊब. अर्धवट गुंगीत ती म्हणाली, “तळेगावचा.”

घोटाळा झाला तो इथे. आठ दिवसांत, रोज थोडं थोडं करून, कस्तुराबाईने एकेचाळीस भाग काढून घेतले.

शनिवारी सुमनताई बाजारातून आल्या आणि भाजीची पिशवी मांडीवर घेऊनच बसल्या. “ऐकलंस का? तळेगावात म्हणे एक बंगलेवाले आहेत. मुलगा दगड होऊन पडलाय. आणि सुनेला सहावा महिना! पोरगी उशाशी बसून आहे, पण सासू एका शब्दाने विचारत नाही, जेवलीस का. असल्या बाईला ना...” पुढे त्यांनी असल्या बाईचं काय करावं ते सविस्तर सांगितलं.

साक्षीची गोष्ट सगळी कासारवाडी फिरून, गरोदर होऊन घरी आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने कस्तुराबाईला धरलं. “अहो मावशी, ती गोष्ट होती!”

“व्हय. मी बी गोष्टच सांगितली. खरी हाय म्हणून सांगितली. खोट्या गोष्टी मी कुनाच्या घरात न्हेत न्हाई, माझं नाव हाय.” तिने पिशवीतून एक लोकरीचं पिवळं टोपडं काढलं. “हे माझ्या दुसऱ्या घरच्या बाळंतिणीनं, तेजस्विनीनं इनलंय, तळेगावच्या पोरीच्या लेकराला. तुज्या वळखीचे हायती ना? पोचीव.”

साक्षी टोपडं हातात घेऊन बसली. जी बाई नाहीच, तिच्या न झालेल्या बाळासाठी कोणी रात्रीच्या दोन दुधांमधला वेळ काढून टाके घातले होते. साक्षीला अरुणिमाचा हेवा वाटला. खरं सांगितलं तर याही बायका वाचकांसारख्या गप्प होतील. नाही सांगितलं तर पुढच्या आठवड्यात बाळंतविडा येईल.

गुरुवारी दीड महिन्याची लस होती. कस्तुराबाईची पाचही बाळं एकाच पंधरवड्यातली, त्यामुळे महापालिकेच्या दवाखान्यात ती एकाच बाकावर आली आणि टोचल्यावर एकदमच रडली. “लस झाली की अर्धा तास बसायचं,” सिस्टर म्हणाल्या, “कोणी पळायचं नाही.” सुमनताई फाइल धरून बसल्या होत्या. आपला सगळा कारभार एका जागी बघायला कस्तुराबाईही आली होती. तिने साक्षीकडे बोट केलं. “ही तळेगाववाल्यांच्या वळखीची.”

सगळा बाक वळला. परभणीकडची, ऐसपैस बांध्याची तेजस्विनी म्हणाली, “कसं हाय ओ त्या माणसाचं? उठला का? काय म्हणायलेत डॉक्टर?”

साक्षीने टोपडं पुढे केलं. “तळेगावात असं घर नाही. तो मुलगा नाही, ती सूनही नाही. मी लिहिलंय ते. मोबाइलवर. माफ करा.”

दोन बाळं रडायची थांबली. कस्तुराबाई मट्कन खाली बसली. “म्हंजे मी चार घरांत खोटं बोलले?”

“थांबा,” सुमनताई म्हणाल्या. “ती सासू. सगळ्या महालातले दिवे मालवत फिरते ती. ती कोण?”

साक्षी मुलीचा लंगोट तपासू लागली.

“शनिवारपासून मी त्या बाईला शिव्या घालतेय,” सुमनताई खोल आवाजात म्हणाल्या.

“तुमचं नंतर बघू, काकू,” तेजस्विनी साक्षीकडे सरकली. “म्हंजे त्याला उठवायचं का न्हाई, हे तुझ्या हातात हाय?”

“हो.”

“आन् तू दीड महिना त्याला पाडून ठेवलंस? तिकडं मी काळजीनं अर्धी झाले!”

तेजस्विनी अर्धी झाल्याचं कुठूनही दिसत नव्हतं, पण कोणी हसलं नाही.

“मला नाही उठववत त्याला,” साक्षी म्हणाली, आणि दीड महिना आत राहिलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून आलं. “कोणी झोपलेलं दिसलं की मला... नाहीच उठववत.”

बाकाच्या टोकाला विजयश्री म्हणून एक बारीक, तोपर्यंत अवाक्षर न काढलेली बाई होती. ती म्हणाली, “मलापण. परवा यांचा फर्स्ट शिफ्टचा गजर वाजला. मी बंद केला. कंपनीची बस गेली.”

मग मात्र सगळा बाक हलला. हसताना एकीचे टाके दुखले, ती हसू नका म्हणत आणखी हसली.

“आमचा बी थर्ड शिफ्टचा,” तेजस्विनी डोळे पुसत म्हणाली. “दिवसभर दगड, अंधार पडला की माणूस. मी कस्तुरामावशीला म्हटलं, ह्यात शाप कोणता? असंच असतंय.” मग ती गंभीर झाली. “पण एक सांगू का? ती बसून हाय ना उशाशी, म्हणून त्यो उठंना गेलाय. ती जागी हाय तोवर ह्यो कशाला उठंल? आधी तिला झोपव.”

एकेचाळीस भागांत अरुणिमा एकदाही झोपली नव्हती. चारशे बारा वाचकांना आणि खुद्द लेखिकेला ते दिसलं नव्हतं.

“दे हिकडं,” तेजस्विनीने साक्षीची मुलगी आपल्या रिकाम्या खांद्यावर घेतली. “लिही.”

साक्षीने मोबाइल काढला. दोन्ही अंगठे मोकळे असल्याचं तिला नवल वाटलं. अरुणिमाने दगडावरचा हात काढला. कोपऱ्यात जाऊन ती आडवी झाली. पाच-सहा डोकी पडद्यावर वाकली.

“सासूनं येऊन तिच्या अंगावर पांघरूण घातलं, असं लिही,” सुमनताई म्हणाल्या.

“आई, ती दुष्ट आहे.”

“असू दे. घालते ती.”

साक्षीने लिहिलं. अरुणिमाचा श्वास संथ झाला. दारात सिस्टर आल्या. “अर्धा तास झाला. तापाचे थेंब घेतले ना? चला, उठा, पुढच्यांना बसू दे.”

कोणी हललं नाही. कस्तुराबाईने मोबाइलवरून नजर न काढता हात वर केला.

“जरा दम धर गं बाई. त्यो उठाय लागलाय.”