करदात्या नरसिंगचं रेशन

आमच्या गोदाई सोसायटीच्या फाटकावर नरसिंग बसतो. विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही छत्तीस घरांची वसाहत, आणि छत्तीस घरांच्या गाड्या तो हॉर्नवरून ओळखतो. गाडी वळणावर दिसायच्या आत फाटक उघडलेलं असतं.

तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या देगलूर तालुक्यातल्या एका गावात मी त्याला चौथीला शिकवलं. तेव्हाही तो असाच होता. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, आणि येत नसलं तरी मान खाली घालायचा नाही. आता पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या. मला पाहिलं की अजून उठून उभा राहतो, आणि फार चिडला की तेलुगूत पुटपुटतो. सकाळी सात ते संध्याकाळी सात ड्यूटी, महिन्याला दोन सुट्ट्या, पगार सात हजार. बायको सिंधु सोसायटीतल्याच तीन घरी धुणीभांडी करते.

आमच्याकडे फेब्रुवारी हा दुःखाचा महिना असतो. नोकरदारांचा वर्षाचा राहिलेला आयकर त्या पगारातून कापतात. प्राध्यापक सुदर्शनरावांच्या घरी तर तेव्हा सुतक असल्यासारखं वाटतं. "यंदा हातात सत्तर हजारच आले रे," असं ते फाटकाशी स्कूटर थांबवून सांगतात. ऐकायला असतो नरसिंग. तो हळहळतो, आणि मनापासून हळहळतो. सुदर्शनराव माणूस चांगला आहे. नरसिंगच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टीलचा अख्खा डिनर सेट दिला होता.

या दुःखातूनच सोसायटीत 'करदाते मंच' निघाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गणपतीच्या देवळापुढच्या शेडमध्ये सभा भरायची. विषय ठरलेला: कर आम्हीच का भरायचा? नियमही ठरलेला: ज्यानं रिटर्न भरला त्यालाच बोलता येईल. पहिल्या रांगेत अर्धापूरचे आप्पासाहेब बसत. चाळीस एकर केळी, दोन ट्रक, तीन मजली बंगला. त्यांचं सगळं उत्पन्न, ट्रकांचंसुद्धा, कागदावर शेतीचं. त्यामुळे कर शून्य. पण बँकेला दाखवायला ते दर वर्षी रिटर्न भरतात, म्हणून करदाते. मीही सभासद आहे. पेन्शनवाल्याला रिटर्न चुकत नाही.

मार्चच्या सभेत सुदर्शनराव रंगात आले होते. "बारा लाखांपर्यंत माफी दिली, चांगलंच केलं. पण बारा लाखांच्या वरच्या माणसाला पोट नसतं का? आपण भरायचं, आणि फुकटचं धान्य खाणाऱ्यांनी आपल्या खांद्यावर बसायचं!"

टाळ्या पडल्या. त्यांत एक माझीही होती. हात सवयीनं जातो.

नरसिंग चहा वाटत होता. ट्रे हातात तसाच धरून तो थांबला. "सर, एक बोलू का?"

"बोल की. पण नियम आहे बाबा," सुदर्शनराव मायेनं म्हणाले. "रिटर्न भरलास का तू?"

"न्हाई सर."

"मग आधी चहा दे."

सगळे हसले. नरसिंगही थोडा हसला.

रिटर्न भरायचे दिवस उन्हाळ्यात सुरू होतात. तोवर त्यानं ते बोलणं पोटात ठेवलं. जूनमधल्या एका सुट्टीच्या दिवशी तो तनुजाच्या दुकानात गेला. ही मुलगी चौकात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते.

"काका, तुम्हाला काय गरज? तुमचं उत्पन्न करात बसतच न्हाई."

"बसव."

"असं बसवता येत नसतंय."

"मग शून्याचा भर. शून्याचा भरता येतो का?"

"येतो. तीनशे रुपये लागतील."

शून्य भरायला नरसिंगनं तीनशे रुपये मोजले, आणि पावती प्लास्टिकमध्ये घालून घेतली.

जुलैच्या सभेत त्यानं चहा वाटला, ट्रे भिंतीला टेकवून ठेवला आणि पावती सुदर्शनरावांच्या पुढ्यात धरली. त्यांनी ती दोनदा वाचली. नियम त्यांचाच होता.

"मंडळी," नरसिंग म्हणाला, "तेलाचा पुडा, साबण, चप्पल, मोबाईलचा रिचार्ज, सगळ्यावर मीबी कर देतो. फक्त माझा फेब्रुवारी बारा महिने असतो. अन् दुसरं म्हणजे, आप्पासाहेबांचाबी शून्य, माझाबी शून्य. मग ते पहिल्या रांगेत अन् मी उभा, हे कसं काय?"

आप्पासाहेब पोट धरून हसले. "बस रे बस, माझ्या शेजारी बस! हाव, बरोबर बोलायलाय." सुदर्शनरावांनी मात्र शून्याशून्यांत फरक कसा असतो हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी आयुष्यभर गणित शिकवलं; मला काही ते समजलं नाही.

ऑगस्टमध्ये सिंधु रेशनच्या दुकानात गेली. दुकानदार विरूपाक्षनं मशीनवर तिचा अंगठा घेतला आणि पिशवी रिकामीच परत दिली.

"मावशी, धान्य बंद झालंय. यादीत नरसिंगमामांच्या नावापुढं आयकर आलाय. मोठी माणसं झालात तुम्ही."

"अरे, शून्याचा भरलाय त्यांनी."

"किती भरला ते यादीत न्हाई. भरला एवढंच हाय."

महिन्याचे गहू-तांदूळ गेले. सिंधु किराणा दुकानातून पाच-पाच किलो आणू लागली, आणि नरसिंगचा चहा दोन वेळांवरून एका वेळेवर आला. तहसीलमध्ये कारकुनानं सांगितलं, "मालकाचं पत्र आणा. पगार किती, ते आकड्यात आणि अक्षरात."

मालक म्हणजे सोसायटी, आणि सोसायटीचे सचिव सुदर्शनरावच. त्यांनी लगेच लेटरहेड काढलं. 'श्री. नरसिंग हे आमच्याकडे' इथपर्यंत पेन छान चाललं आणि मग थांबलं. रोज बारा तासांचे महिन्याला सात हजार, हे बोलायला काही वाटत नव्हतं. सही-शिक्क्यानिशी सरकारी टेबलावर ठेवायचं म्हणजे वेगळंच दिसत होतं. कुणी कामगार कार्यालयात नेऊन दाखवलं तर? त्यांनी लिहिलं, 'सेवाभावी वृत्तीने काम करतात.' कारकुनानं पत्र परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला लिहिलं, 'योग्य मानधन दिले जाते.' कारकून म्हणाला, "योग्य म्हणजे किती?"

असे दोन महिने गेले. तिसऱ्या खेपेला नरसिंग त्यांच्या ओट्यावर उभा होता. मीही तिथंच होतो. सुदर्शनराव म्हणत होते, "नरसिंग, आकडा लिहायलाच हवा का? उगाच गैरसमज होतात रे लोकांचे."

सिंधु त्यांच्याच घरातली भांडी घासून ओल्या हातानं बाहेर आली.

"सर, लिहायला लाज वाटायली, तर द्यायला का न्हाई वाटली?"

नरसिंग तिच्यावर डोळे वटारू लागला, पण ते त्याला नीट जमलं नाही. सुदर्शनरावांचे कान लाल झाले. मग त्यांनी आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं, तास लिहिले, शिक्का मारला आणि कागदाची चार वेळा घडी घातली. "फक्त त्या कारकुनाला दाखव. दुसऱ्या कुणाला नको."

नरसिंग तहसीलमधून दुपारी परत आला. सुदर्शनराव फाटकाशीच थांबले होते. "कुणाकुणाला दाखवलंस?"

"सगळ्यांनाच दिसलं सर. लाईन लई मोठी होती. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी वाचलं. ते म्हणले, बारा तास का?"

"आणि?"

"अन् काय, पुढच्या महिन्यापासून धान्य चालू करतो म्हणले."

सुदर्शनरावांना त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांच्याच घरून कळलं. पुढच्या पगाराला नरसिंगच्या पाकिटात आठ हजार निघाले. ठराव झाला नाही, चर्चा झाली नाही. सभेच्या इतिवृत्तात 'इतर' या सदराखाली दीड ओळ तेवढी आहे. सोसायटीचा महिन्याचा आकार घरामागे अठ्ठावीस रुपयांनी वाढला, आणि करदाते मंचाच्या पुढच्या सभेत त्यावर दोन तास वाद झाला.

पाकीट देताना सुदर्शनराव हळूच म्हणाले, "झालं ना आता? ते पत्र-बित्र संपलं एकदाचं."

"न्हाई सर," नरसिंग नम्रपणे म्हणाला, "दर वर्षी नवं द्यावं लागतंय म्हणले."

तहसीलमध्ये कुणी खरंच असं सांगितलं होतं का, ते मी नरसिंगला विचारलं नाही.