धारेत मी अनाथ झालो

देवासला तेव्हा दोन राजे होते. एकाच रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, म्हणजे एका राजाची, आणि समोरची बाजू धाकट्या पातीची. माझे वडील थोरल्या पातीत कारकून. आमच्या पातीच्या हेडमास्तरांशी त्यांचे काहीतरी बिनसले होते, आणि मुलाला रस्ता ओलांडून धाकट्या पातीच्या शाळेत पाठवणे म्हणजे नाक कापून घेणे. म्हणून मला मॅट्रिकसाठी तिसऱ्याच राज्यात, धारेस धाडायचे ठरले. इंदूरपर्यंत मोटार आणि पुढे टांगा. आईने निरोप देताना असे डोळे पुसले की शेजाऱ्यांना मी विलायतेस निघालो असे वाटले असेल.

धारेत माझी सोय एका पेन्शनर अंमलदारांकडे होती. दूरच्या नात्याने ते माझे काका. मला पाहताच त्यांनी विचारले, "कोणत्या पातीचा?"

"थोरल्या."

"म्हणजे अर्ध्या गावाचा," असे म्हणून ते आपल्याच विनोदावर बराच वेळ हसले. काकूंनी पाय धुवायला पाणी दिले.

शाळेत पहिल्याच दिवशी संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी पाठीवरून हात फिरवून "धीर सोडू नकोस" म्हटले. शेजारच्या बाईंनी लाडू हातावर ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. धारेची माणसे फार मायाळू, असे माझे मत होऊ लागले. मग एका संध्याकाळी काकांनी मला ओसरीवरच्या मंडळींसमोर बोलावले.

"हाच तो मुलगा. या जगात त्याला कोणी नाही. म्हटले, आपल्या घरात एक पान जास्त."

मंडळी हळहळली. मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

स्वयंपाकघरात जाऊन मी विचारले, "काकू, माझे वडील हयात आहेत, हे काकांना ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," भात वाढता वाढता त्या म्हणाल्या. "पण बाप असलेल्या पोराला जेवू घातले तर लोक कशाला वाहवा करतील? तू आपला जेव."

मी जेवलो. ओसरीवर मंडळी असली की अनाथाच्या भातावर तूप भरपूर पडे, एरवी नुसते वरण. त्यामुळे मीही मंडळींची वाट पाहू लागलो.

दिवाळीच्या आधी वडील न कळवता आले. ओसरी भरलेली होती आणि मी पानावर होतो. टांगेवाला बाहेरूनच ओरडला, "ओ भिया, देवासवाले बाबूजी का लड़का यहीं रहता है क्या?" त्याच्यामागून पगडी सावरत वडील आत आले. "मी त्याचा बाप," ते म्हणाले. शास्त्रीबुवांचा पानाचा विडा तोंडातच राहिला.

काका जराही गडबडले नाहीत. "हेच ते. बाप असून नसल्यासारखा. पोर माझ्या पदरात टाकून मोकळे झाले."

आता वडील मला घेऊन तडक निघणार, अशी माझी खात्री होती. मी हात धुवायला अर्धा उठलोही. त्यांनी माझ्या पानाकडे पाहिले, तुपाकडे पाहिले आणि सतरंजीवर बसले. "खरे आहे," ते म्हणाले. "दरबारातून सवड मिळत नाही."

मी पुन्हा खाली बसलो. रस्ता ओलांडायला कमीपणा मानणारा माणूस चारचौघांत मान खाली घालून बसला होता, आणि याचा राग यावा की वाईट वाटावे, हे मला कळत नव्हते.

निघताना त्यांनी अंगणात हळूच विचारले, "जेवण रोज असेच?"

"मंडळी असली की."

"मग येऊ देत मंडळी. परीक्षा होईपर्यंत मी इथे नसलो तरी चालेल." ते टांग्यात बसले आणि त्यांनी मागे पाहिले नाही.

मी मॅट्रिक झालो. एका अनाथाला मार्गी लावले म्हणून काकांनी पेढे वाटले. हेडमास्तरांची जिरवली म्हणून देवासला वडिलांनी वाटले. मला विचारायचे दोघांच्याही ध्यानात आले नाही. माझा पेढा काकूंनी वाटीखाली झाकून ठेवला होता.