दोन आळ्यांमधले लाडू

काल सोसायटीच्या फाटकाशी गणवेशातल्या दोन मुली शाळेच्या वाचनालयासाठी लाडू विकत होत्या. एकीने डबा धरला होता, दुसरी झाकण उघडून दाखवत होती. गुळाचा वास आला आणि मला सुनंदा आठवली.

सहावीत आम्ही दोघी अशाच शाळेसाठी दाण्याचे लाडू घेऊन घरोघर फिरलो होतो. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच झाली होती. माझे बाबा एका पॅनेलचे, तिचे वडील दुसऱ्याचे. आमच्या आळीत पहिल्याच दारात एक काकू तिला म्हणाल्या, "तू तुमच्या पॅनेलवाल्यांना विक जा." सुनंदा मागे फिरली आणि कोपऱ्यावर जाऊन थांबली.

मी एकटीच घरी पोचले. बाबांनी विचारलं, "सुनंदा कुठंय?"

"कोपऱ्यावर. आपल्या आळीत तिला बोलतात."

बाबांनी चपला घातल्या. कोपऱ्यावर जाऊन तिच्या हातातला डबा घेतला आणि आम्हा दोघींना सोबत घेऊन एकेक दार वाजवलं. "पोरींच्या शाळेसाठी आहे, घ्या," एवढंच म्हणाले. त्या काकूंनीही दोन लाडू घेतले.

आळी संपली तसे बाबा थांबले. पुढे सुनंदाची आळी होती. तिथे पाऊल टाकणं काही त्यांना जमलं नाही. मोठ्यांचं धैर्यही कधीकधी आपल्या हद्दीपाशी संपतं. डबा परत देत ते म्हणाले, "आता तुम्ही जा."

सुनंदाने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "चल. आमच्याकडे तुला कुणी बोललं, तर मी आहे."