नानांचे लाडू आणि दुबईचा कायदा

वकिलाच्या टेबलावर कागदांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. कागद निदान निकालानंतर रद्दीत तरी जातात!

नांदगावचे नाना दुबईला जायच्या कागदपत्रांसाठी नाशिक कोर्टात माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. तिथं दिलेल्या लेकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालेलं. नानांना विमानाची भीती नव्हती, कायद्याची होती. त्यात माझ्याकडचे पक्षकार एकेक!

एकदा वणीचा एकजण आला. त्याच्या भावानं परदेशात दुसरं लग्न उरकलेलं.

"लग्न तिकडं लागलं, म्हंजी गुन्हा नाय ना?"

म्हटलं, "भारतीय माणूस कुठंही जावो, आपला कायदा त्याच्या मागे जातो. फक्त खटल्याला केंद्र सरकारची परवानगी लागते."

"आमच्या वहिनीला नाय लागत ना!"

नाना सावरून बसले. "आपला कायदा दुबईलाबी सोबत येतो?"

"येतो. शिवाय तिथला वेगळा."

"दोन दोन? आन् सामान तीसच किलो?"

मग अंबडच्या कारखान्यातला कोरियन इंजिनिअर. शिवरात्रीला मित्रांनी भांग पुढे केली, तर हा दोन पावलं मागे. म्हणे, परदेशात घेतली तरी घरी गेल्यावर खटला! आमचा टायपिस्ट शिंदे हळहळला, "त्यांचा कायदा नाशकापर्यंत येतो. आपण इथल्या द्वारका चौकात सिग्नलसुद्धा पाळत नाही!"

नाना मात्र हसले नाहीत.

जायच्या आठवड्यात मी सामानाची यादी पाहिली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू.

"खसखस घातलीय?"

"बिनखसखशीचा लाडू लेकीला देतं का कुणी?"

खसखस तिकडे अमली पदार्थांत धरतात, सापडली तर थेट तुरुंग, हे ऐकून नाना पांढरे पडले.

"आन् नातू?" एवढंच म्हणाले. मलाच भरून आलं.

"लाडू घरी ठेवा नाना, नातू बघून या."

प्रवासाच्या दिवशी मुंबई विमानतळावरून फोन. "साहेब, घात झाला! हिनं गुपचूप डबा बॅगेत घातला व्हता."

"टाकून द्या!"

"बाळंतपणाचे लाडू टाकू? पाप लागंल. खाल्ले."

"किती?"

"चौदा."

पलीकडून एक लांब ढेकर आली. मग नाना अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, विमान उतरल्यावर माझं पोट कुणाच्या हद्दीत?"