तिवरावरची अळी

यशोदा परब शिवडीतल्या एका गोदामाच्या कँटीनमध्ये चहा करायच्या. सकाळी आल्या की आधी मागच्या भिंतीवर बसलेले पतंग बघायच्या. त्यातला एक त्यांचा खास लाडका. नखाएवढा, राखाडी, पंखांवर तांबूस तिरका पट्टा, बसला की पंख कौलांसारखे उतरते मिटून घेणारा. शिवडीपासून माहुलपर्यंत खाडीकाठी तो त्यांना सापडला होता, आत दादरकडे एकदाही नाही. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

खाडीवर पक्षी बघायला येणाऱ्या सौमित्र वैद्य या प्राध्यापकांना त्यांनी विश्वासाने आपली वही दिली, मोबाइलवरचे फोटोही दिले. वर्षाने लेख छापून आला. शोध सरांचा, फोटो सरांचे. शेवटी आभारात ‘एक स्थानिक महिला’.

यशोदाबाईंनी लेख मिटून ठेवला. पण चहा उकळताना, गाळताना ते तीन शब्द त्यांना चावत राहिले.

मग सरांचा फोन आला. “मावशी, पुस्तक करतोय. त्या पतंगाची अळी खाते काय?”

श्रीखंडाच्या डब्यात त्यांनी ती अळी तीनदा वाढवली होती. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवराच्या कोवळ्या पानांशिवाय ती कशालाही तोंड लावत नसे.

“करंज,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“माझ्या वहीत कधी चूक सापडली का तुम्हाला?”

सरांनी पडताळून बघितलं नाही. दादरला प्रकाशन झालं. पुस्तकात होतं, ‘लेखकाचे प्रत्यक्ष निरीक्षण : अळीचे खाद्य करंज.’ प्रश्नांची वेळ आली तशा यशोदाबाई अळ्यांचा डबा घेऊन उठल्या.

“सर, परवापासून या करंजावर ठेवल्यात. एकीनेही पान कुरतडलेलं नाही. दोन मेल्या.” मग त्यांनी तिवराची डहाळी आत ठेवली. उरलेल्या तीन हिरव्या अळ्या सरळ तिच्यावर चढल्या. लोक खुर्च्या सोडून बघायला आले.

सरांचा तोल गेला. “अहो, करंज तुम्हीच सांगितलंत ना मला!”

ते माइकवरून सगळ्यांनी ऐकलं.

“हो, मीच,” यशोदाबाई म्हणाल्या. “मग इथं लेखकाचं निरीक्षण कसं?”

प्रकाशकाने प्रती परत घेतल्या. नव्या आवृत्तीत दोन नावं आली, यशोदाबाईंचं आधी. त्या दोन अळ्यांचं त्यांना वाईट वाटलं. सरांचं मुळीच नाही. महिन्याभराने सर कँटीनमध्ये आले. “मावशी, एवढा राग होता तर तोंडावर बोलायचं होतं.”

“बोलले असते,” त्या गॅस बारीक करत म्हणाल्या, “तर तुम्ही परत आभार मानले असते.”