जळकोटच्या पाहुण्यांकडचं आइस्क्रीम

माझ्या पुतणीला जळकोटचं स्थळ आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते. आम्ही मोठ्यांनी मुलाचं घर बघून होकार कळवायचा, एवढंच राहिलं होतं. भाऊ अबोल, म्हणून बोलणी माझ्याकडे. आणि नेमकी त्याच आठवड्यात मी नांदेडला हिरड्यांची डीप क्लिनिंग करून घेतली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पार मुळाजवळचं कीटण खरवडून काढलं. म्हणाल्या, "काही दिवस दात शिवशिवतील, घाबरू नका. फार गार, फार गरम, आंबट टाळा. मऊ ब्रश, मी दिलेली पेस्ट, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि पुढच्या आठवड्यात दाखवायला या."

तोंड बधिर होतं. मी नुसती मान हलवली.

जळकोटला जाताना भावानं गाडीची काच खाली केली आणि वारा थेट दातांत शिरला. तिथून मी ओठ जे मिटले ते मिटलेच.

मुलाच्या वडिलांनी मोठ्या अगत्यानं बसवलं. पोहे आले, त्यावर लिंबू. मी बाजूला ठेवले. मग आइस्क्रीम आलं. मी वाटी हातात धरून ते वितळायची वाट बघू लागलो. सगळे माझ्याकडे बघत होते.

"पाहुणे, घर लहान वाटलं का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "वर मजला चढवून राहिलोत आम्ही."

मी "हं" केलं.

"पोरीला पुढं शिकायचं असंल तर शिकू द्या. आमची ना न्हाई."

मी पुन्हा "हं."

"नोकरी बी करू द्या. सैपाकाला बाई लावू."

माझी बायको शेजारून कोपरानं ढोसत होती. भाऊ मात्र खूश दिसत होता. त्याला वाटलं, मी मुद्दामच ताणून धरतोय. त्यानं माझ्या पाठीवर हळूच थाप दिली, ती थेट सगळ्या दातांत पोचली.

एवढं आपल्यासाठी चाललंय, निदान एक चमचा तरी खावा, म्हणून मी आइस्क्रीम तोंडात घातलं. कळ कानापर्यंत गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अगं बाई, रडून राहिले की," मुलाची आत्या म्हणाली.

मुलाचे वडीलही डोळे पुसू लागले. "काकाचा लई जीव हाय पोरीवर."

आता बायकोला राहवेना. "जीव आहेच, पण दात साफ करून आणलेत त्यांनी. गार लागलं की ठणकतात."

मग आत्या अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. हसून झाल्यावर तिनं आतून मिसरीची डबी आणली. "हिरड्यांना चोळा. माझे बघा, एक बी हालत न्हाई." तिनं सगळे दात दाखवले. होऊ घातलेल्या व्याह्यांच्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? मी बोटभर चोळली. तंबाखूची सवय नाही. घर गरगर फिरायला लागलं. मला बाजेवर आडवं केलं, आणि लग्न ठरलं तेव्हा मी तिथंच डोळे मिटून पडलो होतो. पेढासुद्धा कुणीतरी माझ्या खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला आणि थांबल्या.

"हे फटीत अजून काळं काय अडकलंय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मास्क वर ओढला, पण खांदे हलत होते. हिरड्या आवळायला लागल्यात, सूजही उतरलीय, असं म्हणाल्या. शिवशिव आणखी थोडे दिवस राहील, पेस्ट सोडू नका, आणि मिसरीला पुन्हा हात लावू नका. त्यांनी पुढची तारीख दिली.

"त्या दिवशी लग्न आहे," मी म्हणालो.

"मग आदल्या दिवशी या," त्या म्हणाल्या, "आणि येताना त्या आत्यांनाही घेऊन या."